वाचकांचे प्रश्न : मत्स्यटाकीवरचा घरी बनवलेला एलईडी दिवा मंद कसा करावा?

प्रश्न : पाणवनस्पती लावलेल्या माझ्या ९० सेंमी लांबीच्या मत्स्यटाकीसाठी मी ३ वॅटचे १२ पांढरे एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून दिवा तयार केला. सहा-सहा एलईडींच्या दोन एकसर (एकामागोमाग एक जोडलेल्या) रांगा समांतर जोडून त्या लॅपटॉपच्या १९.५ व्होल्टच्या जुन्या अडॅप्टरवर चालवल्या. प्रकाश कमी-जास्त करता यावा म्हणून अडॅप्टरच्या आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला. पण तो फिरवला तर बराच वेळ काहीच फरक पडत नाही आणि मग दिवा एकदम लुकलुकू लागतो. तीन आठवड्यांत एक रांग बंदही पडली. माझे काय चुकले?

उत्तर : आपली मांडणी नीटनेटकी आहे आणि चूक दुरुस्त होण्याजोगी आहे. एलईडीला सांभाळायचे असते ते प्रवाहाने. आपण तो विद्युतदाबाच्या भरवशावर सोडला आहे. पांढऱ्या एलईडीमधून ७०० मिलिअँपिअर प्रवाह जाण्यासाठी साधारण ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे सहांच्या रांगेला १९.२ व्होल्ट. कागदावर १९.५ चा अडॅप्टर अगदी जुळतो आणि नेमकी तिथेच फसगत होते. एलईडी तापला की तेवढ्याच प्रवाहासाठी त्याला लागणारा दाब दर अंश सेल्सिअसला सुमारे २ ते ४ मिलिव्होल्टने घटतो. पट्टी ४० अंशांनी तापली, तर एका रांगेची गरज अर्ध्या ते एक व्होल्टने कमी होते. अडॅप्टर मात्र आपले १९.५ व्होल्ट देतच राहतो. मग प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने पुन्हा प्रवाह वाढतो. दोन रांगा कधीच तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे जिची गरज किंचित कमी ती अधिक प्रवाह ओढते आणि आधी जळते.

रेग्युलेटरचे म्हणाल, तर तो मुख्य विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापतो. आत येणारा दाब बदलला तरी बाहेरचा स्थिर ठेवणे हेच अडॅप्टरचे काम असल्याने तो शक्य तोवर दिवा होता तसाच ठेवतो आणि पुरवठा फारच तोकडा पडला की बंद-चालू होऊ लागतो. रेग्युलेटर आजच काढून टाकावा.

त्याऐवजी २४ व्होल्ट, २ अँपिअरचा डीसी वीजपुरवठा घ्यावा आणि प्रत्येक रांगेला ७०० मिलिअँपिअरचा स्वतंत्र स्थिर-प्रवाह ड्रायव्हर, म्हणजे प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच ठेवणारे छोटे सर्किट, द्यावा. मीन वेल कंपनीच्या एलडीडी मालिकेसारख्या, दाब उतरवून देणाऱ्या ड्रायव्हरला रांगेच्या गरजेपेक्षा सुमारे ३ व्होल्ट जास्त लागतात, १९.२ अधिक ३ म्हणजे २२.२, तेव्हा २४ व्होल्ट पुरतात. दोन्ही रांगा मिळून साधारण २७ वॅट वीज घेतील. या ड्रायव्हरवर प्रकाश मंद करण्याची वेगळी तार असते. तिला मायक्रोकंट्रोलरकडून (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या चिपकडून) पीडब्ल्यूएम, म्हणजे झटपट बंद-चालू होणारा, संदेश दिला, की ड्रायव्हर प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतो आणि चालू असण्याच्या वेळेच्या प्रमाणात प्रकाश पडतो. मायक्रोकंट्रोलरची आणि ड्रायव्हरची ऋण तार एकत्र जोडायला विसरू नये. दिवा संदेशाला दाद देत नसेल, तर पहिल्यांदा हीच जोडणी तपासावी. मंद करण्याची तार मोकळी राहिली तर अनेक ड्रायव्हर दिवा पूर्ण प्रखर करतात, हेही ध्यानात असू द्यावे. शिवाय ड्रायव्हर चालू असताना एलईडींची रांग कधीही काढू-जोडू नये, कारण मोकळ्या टोकांवर चढलेला दाब जोडताक्षणी एलईडीवर आदळतो.

प्रश्न : माझा दिवा अर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चालतो. सकाळी ३० मिनिटांत तो शून्यापासून पूर्ण तेजापर्यंत समान गतीने वाढतो, तरी पाचव्या मिनिटालाच टाकी निम्मी उजळल्यासारखी दिसते आणि नंतर फारसा बदल जाणवत नाही. सुरुवातीला तर प्रकाश झटके देत वाढतो. हे टाळता येईल का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. डोळ्याला प्रकाश सरळ प्रमाणात जाणवत नाही. पूर्ण तेजाच्या सुमारे १८ टक्के प्रकाश आपल्याला निम्मा भासतो, आणि पाचव्या मिनिटाला आपला दिवा जवळपास तिथेच, १७ टक्क्यांवर, असतो. म्हणून उलटलेल्या वेळेच्या अपूर्णांकाचा वर्ग करून तेवढे तेज द्यावे : पंधराव्या मिनिटाला अर्ध्याऐवजी पाव. अजून सौम्य पहाट हवी असेल, तर घन करावा.

झटक्यांचे कारण वेगळे आहे. अर्डुइनोच्या नेहमीच्या आज्ञेत ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. २०० वरून २०१ वर जाणे कळतही नाही, पण १ वरून २ वर गेले की प्रकाश एकदम दुप्पट होतो. अर्डुइनो उनोच्या ९ व १० क्रमांकाच्या पिनांमागचा टायमर १६ बिटांचा आहे. तो थेट वापरून पायऱ्या हजारांत नेता येतात. वारंवारता मात्र ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातील मर्यादेतच ठेवावी. एलडीडी मालिकेसाठी ती १०० ते १००० हर्ट्झ आहे. या खटाटोपाला माझ्या लेखी फार मोल आहे, कारण बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांच्या बाहुल्या आपल्यासारख्या झटकन आकसत नाहीत. अंधारातून एकदम लखलखाट झाला, की ते काचेवर धडकतात, कधी टाकीबाहेर उडी घेतात.

प्रश्न : घरी बनवलेला दिवा पाण्यावर टांगण्याची भीती वाटते. कोणती काळजी घ्यावी? आणि सुरुवातीला प्रकाश किती ठेवावा?

उत्तर : भीती रास्त आहे. मुख्य वीज टाकीच्या वर येऊच देऊ नये. वीजपुरवठा बाजूला भिंतीवर ठेवून वर फक्त कमी दाबाची डीसी तार न्यावी. तो पुरवठा मुख्य विजेपासून पूर्ण अलग असलेला, तयार आणि बंदिस्तच घ्यावा. हा भाग घरी बनवू नये. टाकीची सर्व उपकरणे ३० मिलिअँपिअर वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या ब्रेकरवर असावीत. प्रत्येक तारेला प्लगच्या आधी खाली झोका द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता झोक्याच्या तळाशी ठिबकते. एलईडींखाली पारदर्शक ॲक्रिलिकचे झाकण हवेच. समुद्री टाकीत तर उडालेले मीठ काही महिन्यांत सोल्डरचे उघडे टाके खाऊन टाकते.

एलईडीला दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग उष्णता होतो, म्हणून सपाट पट्टीपेक्षा पातळ पात्या असलेले हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) बरे, आणि एलईडी व धातू यांच्यामध्ये उष्णतावाहक पेस्टचा अगदी पातळ थर द्यावा. तासभर पूर्ण तेजावर चालवून वीज बंद करावी आणि लगेच धातूला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल, तर हीट सिंक अपुरे आहे.

वनस्पतींच्या नव्या टाकीत पूर्ण तेजाच्या निम्म्यापेक्षा कमी प्रकाश रोज सहा ते आठ तास पुरे. दर दोन आठवड्यांनी थोडा वाढवावा आणि काचेवर हिरवे शेवाळ धरू लागले, की एक पायरी मागे यावे.