व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये विम प्लगिन (जुन्या विम एडिटरच्या कीज आणणारं) टाकल्यापासून कंट्रोल-एफने शोध उघडत नाही. काय करावं?

विममध्ये कंट्रोल-एफ म्हणजे एक पान खाली. प्लगिन ती की मधल्या मध्ये पकडतं, म्हणून शोधाची चौकट उघडतच नाही. त्यासाठी प्लगिन उडवायची गरज नाही. सेटिंग्जच्या जेसन फाइलीत ‘विम.हँडलकीज’खाली ‘<सी-एफ>’ला फॉल्स द्या (फाइलीत अर्थातच रोमन अक्षरांत), की पुन्हा एडिटरकडे जाते.

दुसऱ्याच प्लगिनशी भांडण असेल तर आधी कंट्रोल-के, मग कंट्रोल-एस दाबा. शॉर्टकटची यादी उघडते. तिथे अडलेल्या शॉर्टकटच्या ओळीवर राइट क्लिक करून ‘शो सेम कीबाइंडिंग्ज’ निवडलं की त्या कीवर हक्क सांगणारे सगळे समोर येतात. मी शक्यतो कुणालाच काढत नाही. शॉर्टकट कधी चालावा हे ठरवणारी ‘व्हेन’ची अट बदलतो. मार्कडाउनच्या प्लगिनचा शॉर्टकट मार्कडाउन फाइलीतच चालला की पुरे.