‘एक पावसाळा जाऊ दे’ म्हणता म्हणता तीन गेले

प्रश्न (पत्र थोडक्यात) : कोल्हापुरात ताराबाई पार्कात आमचा बंगला आहे. वडिलांनी हौसेने मागच्या आवारात पोहायचा टँक बांधला होता. तीस बाय पंधरा फूट, एका टोकाला चार फूट खोल, दुसऱ्या टोकाला सहा. मुलं परगावी गेली, टँकमध्ये डासांशिवाय कोणी उतरेना, म्हणून 2023 च्या उन्हाळ्यात तो काढून तिथं बाग करायचं ठरवलं. पाहुण्यांतल्याच एका ठेकेदाराला 2 लाख 80 हजारांत काम दिलं. 28 मे 2023 ला काम संपलं आणि त्याच जुलैत जमीन खचली. मी फोटो पाठवले, त्याने ऑक्टोबरात दोन ट्रॉल्या माती टाकली. मार्च 2024 मध्ये पुन्हा कळवलं, तेव्हा त्याचा मेसेज आला, ‘एक पावसाळा जाऊ दे काका, मग एकदाच पक्कं करू.’ त्या दिवाळीपासून फोन उचलत नाही. गेल्या पावसाळ्यात एक कोपरा दीड फूट खाली गेला, शेजाऱ्यांच्या कंपाउंडला तडा गेला आणि आता त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे. ठेकेदारावर 420 लावता येईल का? ग्राहक मंचात जाऊ का? एस्टिमेटचा फोटो आणि ‘काम समाधानकारक’ म्हणून मी दिलेल्या पत्राची प्रत सोबत आहे.

उत्तर : अशी पत्रं मला महिन्याला दोन-चार येतात. कुणाची गच्ची गळते, कुणाची पाण्याची टाकी झिरपते. ठेकेदार बहुतेक वेळा पाहुण्यांतला असतो, त्यामुळे ‘नोटीस कशी द्यायची, घरातलाच आहे’ असं म्हणत वर्षं जातात. काम वाईट झालं हे तुम्हाला दिसतंय, मलाही पटलंय, त्यावर शाई घालवत नाही. मी आधी तारीख बघतो. ती बघितल्यावर बाकीचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

एस्टिमेटचा जो फोटो तुम्ही पाठवलाय, त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यावर तुमचा अंगठा आलाय. अंगठ्याच्या कडेने एवढंच वाचता येतं : ‘...पासून 12 महिन्यांत भराव खचल्यास स्वखर्चाने भरून व लेव्हल करून दे...’. पत्रात या ओळीचा तुम्ही उल्लेखसुद्धा केलेला नाही. तुमचा सगळा दावा या ओळीवर उभा आहे, आणि तुम्ही तिच्यावर अंगठा ठेवून फोटो काढलात!

करार मोडल्याबद्दल भरपाई मागायला मुदत कायद्यानुसार तीन वर्षं मिळतात, करार मोडल्या दिवसापासून. ग्राहक आयोगात (मंच आता राहिला नाही, 2019 च्या कायद्याने त्याचा आयोग झाला) दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. मग करार मोडला कधी? ठेकेदाराचे वकील म्हणतील, भराव वाईट घातला असेल तर तो 28 मे 2023 पर्यंतच घातला, म्हणजे त्याच दिवशी मोडला. हे त्यांचं गणित न्यायालयाने मानलं, तर ग्राहक आयोगाची मुदत मे 2025 मध्येच संपली आणि दिवाणी दाव्याची 28 मे 2026 ला संपते. हे लिहितोय तेव्हा जानेवारी सरत आलाय.

‘पण जमीन तर दर पावसाळ्यात खचते, म्हणजे मुदत दरवर्षी नव्याने सुरू होत असेल,’ असं तुमचं म्हणणं असेल. चांगले शिकलेले लोकही मला हे सांगतात. यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1959 चा निकाल आहे, आणि तो आपल्याच आळंदीच्या संस्थानाचा. वंशपरंपरेने सेवा करणाऱ्या गुरवांना संस्थानाने काढून टाकलं होतं. गुरवांचं म्हणणं, आमचा हक्क रोज नाकारला जातोय, म्हणून मुदत रोज नवी. न्या. गजेंद्रगडकरांनी ते मानलं नाही. काढलं त्या दिवशी अन्याय पुरा झाला, पुढे चालू राहिला तो त्याचा परिणाम, अन्याय नव्हे. तुमच्या बागेलाही हेच लागू पडेल. खचणं चालू असेना का, चूक एकदाच झाली.

इथं ती अंगठ्याखालची ओळ कामाला येते. तिच्यामुळे ठेकेदाराने दोन कबुल्या दिल्या आहेत. एक, भराव नीट घालीन. दोन, बारा महिन्यांत खचला तर परत भरून देईन. दुसरी कबुली मे 2023 मध्ये मोडली नाही, मोडू शकतच नव्हती. तुम्ही मार्च 2024 मध्ये, म्हणजे बारा महिन्यांच्या आत, खचल्याचं कळवलंत. त्याने एका पावसाळ्याची सवलत मागितली, तुम्ही दिलीत. पावसाळा गेला, दिवाळी आली, तो आला नाही. माझ्या मते करार मोडला तो तेव्हा, 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. असं धरलं तर दोन्ही दरवाजे अजून उघडे आहेत.

‘माझ्या मते’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. न्यायाधीशांचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून सांगतो ते थोडं विचित्र वाटेल : फुकटातल्या ग्राहक आयोगाच्या मागे लागू नका, दिवाणी दावा लावा. पाच लाखांपर्यंतच्या कामाला आयोगात फी नाही, दिवाणीत कोर्ट फी भरावी लागेल आणि निकालाला वेळही लागेल, हे मला माहीत आहे. पण आयोगात गेलात आणि वर्षभराने त्यांनी ‘मुदतबाह्य’ म्हणून तक्रार काढली, तर तोवर ठेकेदाराच्या गणिताने दिवाणी दाव्याचीही मुदत गेलेली असेल. चुकीच्या न्यायालयात गेलेला वेळ वजा करून मिळतो, पण तो अधिकारक्षेत्रासारख्या अडचणीसाठी. तक्रार उशिरा केली म्हणून फेटाळली गेली असेल तर ती सवलत मिळेल यावर मी भरवसा ठेवणार नाही. 28 मे च्या आत लावलेला दिवाणी दावा मात्र त्यांच्या गणिताने मुदतीत आणि आपल्याही गणिताने मुदतीत.

28 मे म्हणजे उन्हाळी सुट्टी. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा चालतो, कायद्यात तशी सोय आहे. त्या सोयीवर विसंबू नका. मार्च संपायच्या आत कसबा बावड्याच्या कोर्टात दावा दाखल झालेला असू दे. आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टने, पोच मागून, पंधरा दिवसांची. आणि हे तर पाटीवर लिहून ठेवा : नोटिशीने मुदत थांबत नाही. पाच नोटिसा पाठवून चौथ्या वर्षी माझ्या समोर येऊन बसलेले सद्गृहस्थ मी पाहिले आहेत, फाइल अगदी व्यवस्थित लावलेली.

आता पुरावा. मूळ एस्टिमेट शोधा. फोटो पुरेसा नाही. मेसेज ज्या फोनवर आले तो फोन तुम्ही नातवाला गेम खेळायला दिलाय असं शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय. आज संध्याकाळी तो परत घ्या. स्क्रीनशॉट चालतात, पण नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि समोरच्याने ‘हे बनावट आहे’ म्हटलं की मूळ फोन लागतो. ‘एक पावसाळा जाऊ दे काका’ हा मेसेज जबाबदारी मान्य करणारी, सहीनिशी दिलेली लेखी कबुली ठरेल का, यावर वाद होईल. ठरला तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजता येते. मी त्याच्यावर विसंबून नाही, पण तो हातचा घालवणारही नाही.

जमिनीत काय पुरलंय हा त्यापुढचा प्रश्न. टँक काढायच्या दोन पद्धती आहेत. एक, सगळं काँक्रीट फोडून उचलून न्यायचं. दुसरी स्वस्त : भिंतींचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग फोडायचा, तळाला ब्रेकरने भोकं पाडायची म्हणजे पाणी खाली जिरेल, मग मुरूम थराथराने घालून प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करायची. तळाला भोकं नसतील तर जमिनीखाली हौद शिल्लक राहतो. पावसाचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नाही. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. वरुणतीर्थ तळं बुजवून गांधी मैदान झालं, तरी जोराचा पाऊस झाला की पाणी जुना पत्ता विसरत नाही.

तुमच्या टँकचं माप तीस गुणिले पंधरा गुणिले सरासरी पाच, म्हणजे 2,250 घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून साडेबावीस ब्रास. एस्टिमेटमध्ये मुरूम 20 ब्रास लावलाय. आणि तुम्ही लिहिता की व्हरांड्यात बसून ‘पाच-सहा ट्रॉल्या’ मोजल्या. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एका ब्रासची धरतात. मग उरलेला खड्डा कशाने भरला? बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी साइटच्या खरमातीने. ठेकेदाराला नोटिशीतच मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या मागा. मुरूम हे गौण खनिज, ते पावतीशिवाय आणता येत नाही. पावत्या दाखवल्या तर ब्रास मोजता येतील, नाही दाखवल्या तर त्याने मुरूम आणला कुठून हे त्यानेच सांगायचं.

एक गोष्ट कृपा करून करू नका. चिडून जेसीबी बोलावून सगळं उकरू नका. उकरलंत की पुरावा ट्रॉलीत बसून निघून जाईल. सिव्हिल इंजिनिअरकडून दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या, एक खचलेल्या कोपऱ्यात, एक मधोमध तळ लागेपर्यंत. ठेकेदाराला दिवस-वेळ आधी लेखी कळवा, आला तर त्याच्यासमोर, न आला तर दोन शेजाऱ्यांसमोर. प्रत्येक थराचा टेप लावून फोटो. सिमेंटची रिकामी पोती, फरशीचे तुकडे, झावळ्या जे निघेल ते तिथंच ठेवून फोटो काढा. दावा लागल्यावर कोर्ट कमिशनरसाठी (कोर्टाने जागेच्या पाहणीला नेमलेला माणूस) अर्ज करता येईल, मिळेलच असं सांगत नाही. अहवाल हातात आला आणि कमिशनरची पाहणी झाली, किंवा अर्ज नामंजूर झाला, की मृगाच्या आत दुरुस्ती करून घ्या आणि बिलं जपून ठेवा. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. चौथा पावसाळा बघत बसलात तर त्या वर्षाचं नुकसान ठेकेदाराच्या डोक्यावर टाकणं अवघड जाईल. आणि त्या जागी आउटहाउस बांधायचा विचार असेल तर इंजिनिअरला आधीच सांगा. असल्या भरावावर बांधकाम करायचं नसतं.

‘काम समाधानकारक, तक्रार नाही’ हे पत्र तुम्ही 6 जूनला, पहिल्या पावसाआधी, दिलंत. का दिलंत? त्याला पुढच्या कामासाठी दाखवायचं होतं म्हणून. ठीक. त्या पत्राने तुम्ही वर दिसणाऱ्या कामावर समाधानी होता एवढंच सिद्ध होतं, जमिनीखालचं कोणी पाहिलं होतं, असं आपण म्हणू. शिवाय त्यानंतर त्याने दोन ट्रॉल्या माती स्वतः आणून टाकली. तक्रारच नव्हती तर माती कशाला? तरीही हे पत्र उलटतपासणीत तुम्हाला घाम फोडेल, तयारी ठेवा. 2 लाख 80 हजारांपैकी दीड लाखच चेकने दिलेत, बाकी रोख, पावती नाही. तेवढ्या रकमेबद्दल मला काही आश्वासन देता येत नाही.

420 विसरा. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं. नुसता करार मोडला म्हणून गुन्हा होत नाही, आणि पोलीस ठाण्यातून ‘बाब दिवाणी स्वरूपाची आहे’ अशी समज घेऊन परत येण्यात तुमचा एप्रिल जाईल. मुरमाच्या हिशेबात काही मोठं निघालं तर पुढे बघू.

शेजाऱ्यांच्या नोटिशीला उत्तर द्या, या आठवड्यात. त्यांचा संबंध तुमच्याशी आहे, ठेकेदाराशी नाही. ‘ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर त्यांच्यापुढे चालणार नाही. जबाबदारी मान्य करणारं वाक्य लिहू नका. इंजिनिअरच्या पाहणीला त्यांना बोलवा आणि भिंतीचा प्रश्न सामोपचाराने सोडवायची तयारी दाखवा. भिंत जुनी असेल, पाया कच्चा असेल, तर जबाबदारी किती हा वेगळा वाद आहे. जे त्यांना द्यावं लागेल ते ठेकेदाराकडून मागायची कलमं दाव्यात घालून घ्या.

किती वर्षं लागतील असं विचारलंत. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात यायला चाळीसहून अधिक वर्षांची मागणी लागली, 18 ऑगस्ट 2025 ला ते एकदाचं सुरू झालं. तुमचा दावा त्यापेक्षा लवकर संपेल, याहून जास्त मी लिहून देणार नाही. कोर्टाचा वेळ तुमच्या हातात नाही. 28 मे पर्यंतचा आहे.

मूळ एस्टिमेट सापडलं की त्याचा फोटो पुन्हा पाठवा. अंगठा बाजूला ठेवून.