होम थिएटर घ्यायचं, पण कोणत्या पैशातून?

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३८, खासगी कंपनीत नोकरी, हातात पगार ९२,००० रुपये. पत्नी घर सांभाळून अधूनमधून शिकवण्या घेतात, मुलगी सात वर्षांची. घरकर्जाचे २८ लाख बाकी आहेत, व्याज ८.५ टक्के, अजून १६ वर्षं, हप्ता साधारण २६,७००. घरखर्च ३४,०००, शाळा आणि गाडी मिळून ९,०००. मुलीच्या शिक्षणासाठी इक्विटी (शेअर बाजारातल्या) म्युच्युअल फंडात दरमहा १०,००० ची एसआयपी, त्यात आजवर ५.२ लाख जमलेत. शिवाय बँकेत ३.६ लाखांची मुदत ठेव. दिवाळीला पाच महिने आहेत आणि तेव्हा बोनसचे १.४ लाख हातात पडतील.

गाण्याचं वेड वडिलांकडून आलंय असं ते लिहितात. रोज जेवणानंतर तासभर कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे, किशोरीताई. शनिवारी घरातले सगळे मिळून एक चित्रपट. हॉल ११ बाय १५ फुटांचा. त्यासाठी दुकानदाराने ५.१.२ अ‍ॅटमॉस सिस्टिमचं (पाच स्पीकर, एक सबवूफर आणि वरून आवाज देणारे छतातले दोन) कोटेशन दिलंय. रिसीव्हर (आवाज वाढवून सगळ्या स्पीकरना पुरवणारं यंत्र) ७५,०००, समोरचे दोन उंच टॉवर स्पीकर ९५,०००, संवादांसाठीचा मधला सेंटर ३२,०००, मागचे दोन २८,०००, खालच्या सुरांसाठीचा सबवूफर ५२,०००, छतातले दोन २४,०००, वायरिंग-स्टँड-जोडणी ३४,०००. एकूण ३,४०,०००. ठेव मोडू, २४ महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर घेऊ, की फंडातून काढू, हा त्यांचा प्रश्न. पत्नीचं म्हणणं, एवढे पैसे असतील तर कर्जात भरा.

तुमची हौस मी उधळपट्टीत धरत नाही, हे आधी सांगते. रोज तासभर मन लावून गाणं ऐकणारा माणूस चांगल्या स्पीकरवर पैसे घालत असेल तर ती वस्तू घरात वापरली जाणार, धूळ खात पडणार नाही. त्यामुळे ‘घेऊ नका’ असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही विचारलेले तिन्ही मार्ग मला नापसंत आहेत, आणि कोटेशनही तुमच्या ऐकण्याला धरून केलेलं वाटत नाही.

आधी ठेव. नोकरी गेली तरी जे चुकवता येणार नाही ते म्हणजे कर्जाचा हप्ता, घरखर्च, शाळा आणि गाडी. त्याची बेरीज महिन्याला ६९,७००. सहा महिन्यांचे ४,१८,२०० होतात आणि तुमची ठेव ३.६ लाखांची आहे. म्हणजे तो पैसा रिकामा पडलेला नाही. अडीअडचणीसाठी जेवढा हवा त्याहून तो ५८,००० ने कमीच आहे. त्याला हात लावू नका.

फंडाचे ५.२ लाख मुलीचे आहेत. काढले तर कर फारसा बसणार नाही. इक्विटी फंडावर वर्षभराहून जुन्या गुंतवणुकीचा सव्वा लाखापर्यंतचा नफा एका आर्थिक वर्षात करमुक्त असतो, वरच्यावर १२.५ टक्के. खरा तोटा वेळेचा आहे. ती अठरा वर्षांची व्हायला ११ वर्षं आहेत. सरासरी १० टक्के परतावा धरला (हमी कोणीच देऊ शकत नाही, पण हिशेबापुरता धरू), तर आज काढलेले ३.४ लाख तेव्हा साडेनऊ लाखांच्या पुढे गेले असते. तिच्या पहिल्या वर्षाची फी आज छतात बसवायची का, असा विचार करून पाहा.

आता हप्ते, कारण बहुतेक जण इथेच फसतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. आजच्या ‘नो-कॉस्ट’मध्ये बँक व्याज लावतेच, दुकान किंवा कंपनी तेवढी सूट किमतीतून देते आणि ग्राहकाला फक्त गोल आकडा दिसतो. क्रेडिट कार्डावर १५ टक्के दर धरा. ३.४ लाख २४ महिन्यांत, म्हणजे १४,१६७ चा हप्ता. त्यात बँकेचं मुद्दल सुमारे २,९२,००० आणि व्याज सुमारे ४८,०००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेआठ हजार, तुमच्याच खिशातून जातो, वर प्रक्रिया शुल्क. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, ‘हप्ते नको, एकरकमी देतो, किती कमी कराल?’ जी सूट त्यांना बँकेला द्यायला परवडते, तिच्यातला बराचसा भाग तुम्हाला द्यायलाही परवडायला हवा.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला १२,३०० उरतात. १४,१६७ चा हप्ता त्यात बसतच नाही. पहिल्याच महिन्यात एसआयपी थांबेल किंवा कार्डाची थकबाकी राहील, आणि थकलेल्या कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं.

पत्नीचं म्हणणं आकड्यांत बरोबर आहे. आज दोन लाख कर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साधारण २६ हप्ते वाचतात आणि व्याजाचे पाच लाखांहून थोडे जास्त वाचतात. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व भरणा केल्याचा दंडही बँकेला लावता येत नाही. फक्त ते पाच लाख १६ वर्षांच्या शेवटी दिसतात, हे लक्षात असू द्या. त्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही, पुढे येतोच.

त्याआधी एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे. तुमच्या नावावर दहा लाखांची बचतवाली विमा पॉलिसी आहे आणि बाकी कंपनीचा सामूहिक विमा. नोकरी सुटली की तो सामूहिक विमाही सुटतो. डोक्यावर २८ लाखांचं कर्ज, घरात एकच पगार, सात वर्षांची मुलगी. या घराला एक कोटीचा टर्म विमा (बचत नाही, मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे) हवा आणि तो रिसीव्हरच्या आधी हवा. तुमच्या वयाच्या, निरोगी, तंबाखू-सिगारेट नसलेल्या पुरुषाला साठाव्या वर्षापर्यंतचा हप्ता कंपनीप्रमाणे वर्षाला साधारण १५ ते २५ हजारांत बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला आहे. मी हिशेबात २०,००० धरते.

आता तुमच्या ऐकण्याकडे वळू. रोज तासभर गाणं म्हणजे वर्षाला साडेतीनशे तास. शनिवारचे चित्रपट अडीच तासांचे धरले तर सव्वाशे ते एकशेतीस तास. म्हणजे पाऊणशे टक्के वेळ तुम्ही संगीत ऐकता, आणि ते दोन स्पीकरचं असतं. पन्नास-साठच्या दशकांतली रेडिओची आणि मैफलींची मुद्रणं तर बहुतांश मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, आहेत. मागचे स्पीकर, सेंटर, छत यांचा त्यात काहीच वाटा नाही. छतातले दोन स्पीकर मुख्यतः अ‍ॅटमॉस ध्वनी असलेल्या चित्रपटांत बोलणार, तेही चित्रपटाच्या काही भागांत. तरीही समोरच्या जोडीला जो पैसा जायला हवा तो कोटेशनमध्ये आठ दिशांना वाटला गेलाय.

टॉवर स्पीकरचंही तेच. ११ बाय १५ च्या हॉलमध्ये तीन मीटरवर बसून ऐकायचं आहे. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेची (एका वॅटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज) चांगली बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायच्या छोट्या स्पीकरची, जोडी एका वॅटवर तिथे सुमारे ८० डेसिबल देते, आणि घरात गाणं ऐकायला तेवढा आवाज भरपूर आहे. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. जाहिरातीतल्या शेकडो वॅटसाठी पैसे मोजू नका. टॉवरचा फायदा खालच्या सुरांत असतो, पण तो भार पुढे सबवूफर उचलेलच. शिवाय तुमच्या हॉलची १५ फुटांची लांबी स्वतःच ३७-३८ हर्ट्‌झच्या आसपास आणि ११ फुटांची रुंदी ५१ हर्ट्‌झच्या आसपास घुमते. अशा खोलीत जास्त बास म्हणजे चांगला बास नव्हे. फ्लॅटमध्ये हे खालचे सूर स्लॅबमधून शेजाऱ्यांकडे जातात, हाही विचार हवा. निवासी भागात रात्री दहानंतर ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून वर जाता कामा नये, असा नियम आहे. तुम्ही ऐकणार जेवणानंतर, म्हणजे नेमके त्याच सुमारास.

दुकानदाराने दुसरा, ‘साधा’ म्हणून जो पर्याय दिला तो तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलाय. ५.२ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि दोन सबवूफर जोडता येणारा) ४६,०००, बुकशेल्फ जोडी ४२,०००, त्याच मालिकेतला सेंटर २२,०००. मला हाच तुमच्यासाठी योग्य वाटतो. या छंदाची एक बाजू पैशाच्या दृष्टीने फार सोयीची आहे, ती म्हणजे सिस्टिम एकदम घ्यावी लागत नाही. रिसीव्हरला आज दोनच स्पीकर जोडले आणि सेटिंगमध्ये तसं सांगितलं, तर सेंटरचे संवाद तो त्याच दोघांत वाटून देतो. पुढे एकेक जोडत गेलात तरी आधी घेतलेलं काही वाया जात नाही.

बोनसच्या १.४ लाखातून २०,००० टर्म विम्याला, ५८,००० ठेवीत. उरले ६२,०००. या महिन्यापासून ८,००० ची आवर्ती ठेव सुरू करा, दिवाळीपर्यंत ४०,००० होतील. हातात १,०२,०००. त्यातून रिसीव्हर, बुकशेल्फ जोडी आणि ९,००० चे स्टँड-वायर असे ९७,००० चं सामान दिवाळीला घरी येईल, तेही पूर्ण पैसे देऊन. नंतरही तेच ८,००० चालू ठेवलेत तर पुढच्या दिवाळीपर्यंत उरलेल्या पाच हजारांसह १,०१,००० जमतात. सेंटर, सबवूफर आणि मागची जोडी (या शेवटच्या दोन्हींचे भाव मूळ कोटेशनचे) मिळून १,०२,०००. ठेवीच्या व्याजात ते हजार निघून येतील. एकूण खर्च १,९९,०००, म्हणजे मूळ कोटेशनपेक्षा १,४१,००० कमी. महिन्याला ४,३०० तरीही शिल्लक राहतात, त्यातून टर्म विम्याचा पुढचा हप्ता भरला जाईल.

सेंटर आधी घ्यायचा की सबवूफर? चित्रपटात संवाद कळत नाहीत अशी घरात तक्रार असेल तर सेंटर, नाहीतर सबवूफर. मागची जोडी शेवटी.

गणपतीनंतर घराला रंग देणार आहात असं लिहिलंय. मग मागच्या स्पीकरपर्यंत आणि सबवूफरच्या जागेपर्यंत पीव्हीसी पाइप भिंतीतून आत्ताच टाकून घ्या. रंगानंतर भिंत फोडायची म्हटलं तर तेच काम कितीतरी महाग पडेल. आतली वायर शुद्ध तांब्याची, १४ किंवा १६ गेजची असली की पुरे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम वायर स्वस्त मिळते, ती नको, आणि हजारो रुपये मीटरवालीही नको.

हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल आणि मोकळ्या भिंती असतील तर जाड पडदे, मधे एक गालिचा आणि मागच्या भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट करून बघा. एवढ्या खर्चात आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा रिसीव्हरचं मोठं मॉडेल घेऊन पडणार नाही. मायक्रोफोन लावून खोलीनुसार आवाज जुळवण्याची सोय बहुतेक नव्या रिसीव्हरमध्ये असते. जोडणीच्या दिवशी ती तुमच्यासमोर करून घ्या.

जुनं घ्यावं का, असंही विचारलंय. स्पीकर जरूर घ्या, चांगले पॅसिव्ह (आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसलेले) स्पीकर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतात. फक्त शंकूभोवतीची कड फोमची आहे की रबराची ते पाहा, आपल्या दमट हवेत फोम कुजतो. रिसीव्हर मात्र जुना नको. एचडीएमआयचे मापदंड बदलत राहतात, आतले भाग जळले तर दुरुस्ती महाग. टीव्हीला ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय) असेल तर रिसीव्हरलाही ते हवं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तोच नग बराच स्वस्त सांगितला, तर भारतातली कंपनीची वॉरंटी आणि जीएसटीचं बिल मागा. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला ती बहुधा नसते.

पुढच्या वर्षीचा बोनस यातल्या कशातही घालायचा नाही. तो पूर्ण घरकर्जात भरायचा, आणि हे आजच पत्नीशी बोलून ठरवा. त्यांचा मुद्दा तिथे पुरा होतो.

ऐकायला जाताना गाणी तुमची घेऊन जा, दुकानातला डेमो चित्रपट नको. तंबोरा आणि खालचा षड्‌ज कसा येतो ते कमी आवाजात ऐका, कारण घरी रात्री तुम्ही तसंच ऐकणार आहात. आणि टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत दुकानदाराला इसार देऊ नका.