सही कोणाची? कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोजचं काम : वाचकांचे प्रश्न

'नोकऱ्या जाणार का?' एवढंच विचारणारी पत्रं आम्ही बाजूला ठेवली आहेत. त्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. ज्यांनी आपण दिवसभरात नेमकं काय करतो ते लिहिलं, अशी पाच पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : पंधरा वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. आता एजन्सी यंत्राने केलेला मजकूर पाठवते आणि 'फक्त नजर टाका' म्हणून निम्म्याहून कमी दर देते. घ्यावं का? (अनुवादक, पुणे)

घड्याळ लावल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नका. मजकुराच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे प्रत्येकी ३०० शब्द घ्या, ते छापायच्या दर्जाला येईपर्यंत दुरुस्त करा आणि वेळ मोजा. समजा ९०० शब्दांना ७५ मिनिटं लागली, म्हणजे तासाला ७२० शब्द झाले. तुम्ही कोरा अनुवाद तासाला ३०० शब्द करत असाल, तर मूळ दराच्या सुमारे ४२ टक्क्यांपर्यंत तुमची तासाची कमाई तेवढीच राहते. त्याखाली तोटा. मधल्या ३०० शब्दांना सुरुवातीच्या दुप्पट वेळ लागला, तर शब्दावर दर ठरवूच नका, तासावर मागा. सुरुवातीचा मजकूर सहसा सोपा असतो आणि नमुना म्हणून नेमका तोच पाठवला जातो.

आता दुरुस्तीबद्दल. यंत्राची मराठी हल्ली ओघवती असते आणि धोका तिथेच आहे. पूर्वीची मोडकी वाक्यं डोळ्यांना टोचायची, आताची चूक गुळगुळीत वाक्यात लपून बसते. म्हणून आधी मराठी वाचू नका. पहिली फेरी फक्त आकड्यांची करा : मिलियनचे दहा लाख आणि बिलियनचे शंभर कोटी झालेत का, तारखेत महिना आणि दिवस यांची अदलाबदल झाली आहे का. दुसरी फेरी नकारांची. 'पेक्षा जास्त नाही', 'शिवाय', 'वगळता' हे शब्द मुळाशी ताडून पाहा. कायद्याच्या मजकुरात 'करावे' आणि 'करू शकेल' यांतला फरकही याच फेरीत तपासा.

तिसरी फेरी हिंदीच्या सावलीची. लिपी एकच आणि इंटरनेटवर हिंदी मजकूर मराठीहून कितीतरी जास्त, त्यामुळे यंत्राचा पाय घसरतो तो तिकडेच. शिक्षण खात्याचा 'शिक्षा विभाग' होतो आणि मराठी वाचकाला तुरुंग आठवतो. 'चेष्टा' म्हणजे हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. सगळ्यात महाग पडतो तो 'राजीनामा' : हिंदी कोर्टाच्या कागदात तो समेट असतो, मराठीत नोकरी सोडल्याचं पत्र. त्यानंतर 'तू, तुम्ही, आपण' यांची सरमिसळ आणि सगळ्या डॉक्टरांना, इंजिनिअरांना सरसकट पुल्लिंगी करण्याची खोड पाहा. प्रवाही मराठीची फेरी सगळ्यात शेवटी.

जुना मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरं येण्याआधीच्या) फॉन्टमधला असेल तर तो थेट यंत्राला देऊ नका. त्याला तिथे अक्षरं दिसतच नाहीत, रोमन चिन्हांचा कचरा दिसतो, आणि तरीही ते अंदाजाने काहीतरी लिहून देतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग 'र्य' आणि 'र्ह' शोधून एकेक जागा तपासा. 'दर्या' समुद्र आहे, 'दऱ्या' डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं की प्रवचन, 'आचाऱ्यांना' बोलावलं की जेवण. लग्नपत्रिकेत हसू येईल, करारात येणार नाही.

एजन्सीकडून एक गोष्ट लेखी घ्या : अंतिम मजकुराची जबाबदारी कोणाची? 'नजर टाका' एवढ्याचे पैसे देऊन चुकीचं खापर तुमच्यावर फोडणार असतील, तर ते काम सोडलेलंच बरं.

प्रश्न : आमच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात बिलांची नोंद आता सॉफ्टवेअर फोटोवरून करतं. तिघांचं काम एकावर आलं. उरलेल्या एकाने नेमकं काय करायचं? (अकाउंटंट, इचलकरंजी)

टायपिंग गेलं, पडताळणी राहिली, आणि तिला टायपिंगपेक्षा जास्त डोकं लागतं. फोटोवरून वाचताना यंत्र शून्य आणि ओ, आठ आणि बी, पाच आणि एस यांत गोंधळतं. जीएसटी क्रमांकाची रचना इथे कामी येते. एकूण १५ चिन्हं : पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०), पुढची दहा म्हणजे पॅन, मग नोंदणीचा क्रम, चौदावं बहुधा झेड आणि पंधरावं तपासणीचं चिन्ह. पॅनच्या रचनेमुळे तिसऱ्या ते सातव्या जागी फक्त अक्षरं, आठव्या ते अकराव्या जागी फक्त अंक आणि बाराव्या जागी पुन्हा अक्षर असतं. एक्सेलमध्ये हा नियम एकदा बसवला की निम्मे घोटाळे तिथेच अडतात. उरलेल्यांसाठी करपात्र रक्कम गुणिले दर बरोबर कर येतो का आणि सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) समान आहेत का, हे दोन रकाने ठेवा.

पुढच्या चुका यंत्राला वाचता न आल्याच्या नसतात, न समजल्याच्या असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. यंत्राचं शिक्षण मात्र त्याआधीच्या कागदांवर झालेलं असू शकतं. दर विचारलात तर ते जुना दर छातीठोकपणे सांगेल, म्हणून दर नेहमी अधिसूचनेतूनच घ्या. बेळगावच्या हॉटेलचं बिल घ्या. त्यावर सीजीएसटी आणि कर्नाटकचा एसजीएसटी असतो, गणित चोख जुळतं, पण महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. ग्राहकांना वाटलेल्या दिवाळीच्या मिठाईचंही मिळत नाही, कारण जीएसटी कायद्याचं कलम १७(५) भेटवस्तूंचं क्रेडिट अडवतं. बिलावर फक्त 'मिठाई' लिहिलेलं असतं. ती वाटली की विकली, हे मालकाला फोन केल्याशिवाय कळत नाही. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं.

महिन्याचा क्रम असा ठेवा. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तुमचं क्रेडिट सांगणारं पोर्टलवरचं विवरण) तयार होतं, त्याच दिवशी खरेदी नोंदवही त्याच्याशी जुळवा. जुळलेल्या नोंदी यंत्रावर सोडा. न जुळलेल्यांचे तीन गठ्ठे करा : पुरवठादाराने दाखवलंच नाही, रक्कम वेगळी, आणि बिलच आपलं नाही. तिसरा गठ्ठा आधी हाताळा. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिल स्वीकारणं, नाकारणं किंवा प्रलंबित ठेवणं शक्य आहे आणि काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत न दिलेली बिलं वेगळ्या यादीत घ्या, त्यांचं क्रेडिट परत करावं लागतं. हे सगळं २० तारखेच्या विवरणपत्रापूर्वी.

बाकीच्या दोघांचं काय, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न आहे. त्यांच्यापैकी ज्याला व्यापाऱ्यांशी नीट बोलता येतं, त्याला न जुळलेल्या गठ्ठ्यांचे फोन द्या. पुरवठादाराकडून दुरुस्ती करून घेणं हे आजही माणसाचंच काम आहे. दोघांनाही पुरेल एवढं काम त्यातून निघेल असं मात्र आम्ही सांगणार नाही.

प्रश्न : क्षयरोगाच्या शिबिरात एक्स-रे आता सॉफ्टवेअरच वाचतं. मग डॉक्टर कशाला? (एक्स-रे तंत्रज्ञ, सावंतवाडी)

२०१६ साली जेफ्री हिंटन या नामवंत संशोधकाने सांगितलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. यंत्रं खरोखरच सुधारली, रेडिओलॉजिस्टांची गरज मात्र संपली नाही. तुमच्या शिबिरातच त्याचं कारण दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी यंत्रवाचनाला मान्यता दिली आणि मुंबईच्या एका कंपनीचं असं सॉफ्टवेअर अनेक देशांत वापरलं जातं. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. यंत्र गुण देतं, आणि किती गुणांवर संशयित म्हणायचं ती रेषा माणसं आखतात.

गणित करून पाहा. समजा १००० जणांत १० खरे रुग्ण आहेत. यंत्र रुग्णांपैकी ९० टक्के पकडतं आणि निरोग्यांपैकी ७० टक्क्यांना सोडतं. म्हणजे ९ रुग्ण सापडले आणि त्यांच्यासोबत २९७ निरोगीही. ३०६ जणांची थुंकी तपासावी लागेल. थुंकीची तपासणी करणारं ट्रूनॅट उपकरण तुमच्याकडे असेल, तर दिवसाला किती नमुने होतात ते मोजून मगच रेषा ठरवायला सांगा. रेषा वर नेली की रांग कमी होते आणि रुग्ण निसटतात.

यंत्राला फसवणाऱ्या गोष्टी तुमच्याच हातात आहेत : खांद्यावरून पुढे आलेली वेणी (फुप्फुसाच्या टोकावर सावली पडते आणि क्षय बहुधा तिथेच दिसतो), ताईत, मंगळसूत्र, तिरकं उभं राहणं, अर्धवट श्वास. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रण यंत्राला नव्यासारखा दिसू शकतो, म्हणून 'आधी औषधं घेतली होती का?' हे विचारून कागदावर लिहा.

प्रश्न : आमच्या वकिली कार्यालयात पहिला मसुदा यंत्र करतं. नवशिक्यांना काय शिकवायचं? (वकील, नागपूर)

या अंकातला आम्हाला सगळ्यात गंभीर वाटणारा प्रश्न हाच. एका अमेरिकी कंपनीच्या ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राची मदत मिळाल्यावर नवख्यांच्या हातून तासाला होणारं काम सुमारे ३४ टक्क्यांनी वाढलं, मुरलेल्यांचं जेमतेम. कारण यंत्र मुरलेल्यांच्याच जुन्या संभाषणांतून शिकलं होतं. नवख्याला पिकलेलं फळ आयतं मिळालं, पण झाड कसं लावायचं ते त्याला कोणी सांगितलं नाही. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच कारखान्यांबद्दल दाखवून दिलं होतं की नेहमीचं काम यंत्राकडे गेलं की माणसाचा सराव जातो, आणि यंत्र अडतं तेव्हा नेमका त्याच माणसाला बोलावलं जातं.

उपाय कंटाळवाणा आहे. पहिले सहा महिने नवशिक्याने मसुदा आधी हाताने करायचा, यंत्राचा नंतर उघडायचा आणि दोन्हींतला फरक समासात लिहायचा. पंधरवड्यातून एकदा यंत्राच्या मसुद्यात मुद्दाम दहा चुका पेरून द्या : न झालेला निवाडा, रद्द कलम, चुकलेली मुदत. सात सापडल्या नाहीत तर त्याने अजून एकट्याने तपासायचं नाही. आणि प्रत्येक निवाडा मूळ अहवालातूनच उघडायचा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात यंत्राने रचलेले खोटे निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५००० डॉलर दंड झाला. ते निवाडे खरे आहेत का, हे त्यांनी यंत्रालाच विचारलं होतं.

यात वेळ जातो, हे खरं. दहा वर्षांनी ज्येष्ठ वकील हवा असेल, तर तो वेळ पगारातच धरावा लागेल.

प्रश्न : सगळंच यंत्र करू लागलं तर माणसांनी करायचं काय? मोकळा वेळ मिळाला तर चांगलंच की! (निवृत्त शिक्षक, सातारा)

अर्थतज्ज्ञ केन्स यांनाही १९३० मध्ये असंच वाटलं होतं : शंभर वर्षांनी आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. त्याच सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बारीकसारीक मोजदाद केली. वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वाटेत पुन्हा पुन्हा थांबू लागले. दिवसभर काय केलं ते त्यांना सांगता येईना. उठलो, जेवलो, झोपलो, बस्स. बायकांचा दिवस मात्र तेवढा मोडला नाही. चूल, मुलं, धुणी यांना वेळापत्रक होतं आणि कोणीतरी त्यांच्यावर अवलंबून होतं.

गिरणगाव आठवणाऱ्यांना हे नवं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तिथलं काम यंत्राने नेलं असं म्हणणं चुकीचं ठरेल, गिरण्यांबाहेरचे यंत्रमाग, जमिनीचे भाव अशी कारणं बरीच होती. पण भोंगा थांबला तसा फक्त पगार थांबला नाही. खाणावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळं पाळ्यांच्या घड्याळावर चालत होती, त्यांचंही घड्याळ गेलं.

पैशाची सोय होणं ही पहिली अट आहेच, ती हलक्यात घेऊ नये. पण काम आपल्याला दिवसाचा आकार, घराबाहेरची माणसं आणि आपण कोण याचं उत्तरही देतं, आणि हे सगळं सुट्टीत आपोआप मिळत नाही. यंत्र वरचढ झालं म्हणून कामातला अर्थ संपतो का, याची दोन्ही उत्तरं खेळात सापडतात. दक्षिण कोरियाचा अव्वल खेळाडू ली सेडोल २०१६ मध्ये गो या पटावरच्या खेळात यंत्राकडून ४-१ हरला आणि तीन वर्षांनी, यंत्राला हरवता येणार नाही असं सांगून निवृत्त झाला. बुद्धिबळात विश्वविजेता यंत्राकडून हरला तो १९९७ मध्येच. तरीही नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला. तिची पिढी यंत्रासोबतच सराव करत वाढली. पटावर समोर माणूस असेल, तर लोक अजून बघतात.

तुमच्यासाठी, आणि नोकरी गेलेल्या कोणासाठीही, आमचा सल्ला मोजका आहे. 'छंद जोपासा' एवढ्यावर थांबू नका. छंदाला कोणी वाट पाहणारं नसतं, म्हणून मारिएनथालचं वाचनालय अर्धं ओस पडलं. आठवड्यात किमान तीन ठरलेल्या वेळा अशा हव्यात की तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं तरी अडेल. गावातल्या वाचनालयाची देवघेव, दहावीच्या चार मुलांचं गणित, सोसायटीच्या पाणीपट्टीचा हिशोब, काहीही चालेल. मंगळवारी साडेपाचला मुलं दारात उभी राहतील, तेव्हा यंत्राला गणित जास्त चांगलं येतं की तुम्हाला, हे त्यांच्यापैकी कोणी विचारणार नाही. विचारलंच तर त्यांना यंत्राने सोडवलेलं एक उदाहरण द्या आणि त्यातली चूक शोधायला सांगा.