सात जागा आणि पगाराची चिठ्ठी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचून आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. पहिल्या पानावर तू इथल्या, कॅनडातल्या, सीसीएफ या समाजवादी पक्षाच्या १९३३च्या रेजायना जाहीरनाम्याचा शेवट उतरवला आहेस, तोच तो, भांडवलशाही मुळासकट उपटल्याशिवाय आमचं सरकार स्वस्थ बसणार नाही असं सांगणारा. पान उलटलं की लगेच विचारतोस, "काकू, २०२५च्या निवडणुकीत न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला सात जागा मिळाल्या, नेताच स्वतःच्या मतदारसंघात पडला. या देशात डावं काही उरलंय का?"

सात जागा म्हणजे, त्या सीसीएफमधूनच उभ्या राहिलेल्या या पक्षाचा दारुण पराभव, त्यात वाद नाही. संसदेत पक्ष म्हणून मान्यता मिळायला बारा लागतात. पण मी ज्या रेजायना गावात राहते तिथेच तो जाहीरनामा मंजूर झाला, आणि तीसेक वर्षं इथे काढल्यावर जागा मोजून हिशेब मांडायची माझी सवय मोडली आहे. का ते सांगते.

१९२६ साली ओटावाच्या संसदेत खरेखुरे मजूर म्हणवणारे दोनच खासदार होते, वुड्सवर्थ आणि हीप्स. दोघे विनिपेगचे, दोघांनाही १९१९च्या सार्वत्रिक संपात अटक झालेली. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांचं सरकार काठावर होतं. या दोघांनी सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही नेत्यांना पत्र धाडलं: म्हाताऱ्या माणसांसाठी आणि बेकारांसाठी तुम्ही काय करणार? किंग यांनी म्हाताऱ्यांपुरता शब्द दिला, आणि १९२७मध्ये कॅनडात वृद्धापकाळाच्या पेन्शनचा कायदा झाला. सत्तरी ओलांडलेल्यांना, तेही मिळकत तपासून, महिन्याला जास्तीत जास्त वीस डॉलर. इथल्या मूलनिवासींना त्यातून वगळलं होतं, हेही लक्षात असू दे. दोन मतांवर एवढं मिळालं. नाव मात्र किंग यांचं झालं.

अगदी परवा तेच झालं. २०२२ ते २०२४ अल्पमतातल्या लिबरल सरकारला टेकू देण्याच्या बदल्यात या पक्षाने दातांच्या उपचारांची योजना पदरात पाडून घेतली, मधुमेहाच्या आणि गर्भनिरोधक औषधांचा कायदा करून घेतला. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी त्या योजनेत नवी कवळी बसवली. मत कुणाला दिलं विचारलंस तर लिबरलांना.

आता ज्या सरकारी आरोग्यविम्याचा तू पत्रात फक्त एका ओळीत उल्लेख केलास, त्याची गोष्ट नीट सांगते. तो आणणारे टॉमी डग्लस लहान असताना त्यांच्या पायाच्या हाडाला संसर्ग झाला होता. पाय कापायची वेळ आली. विनिपेगमधल्या एका सर्जनने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया बघू द्याल तर फुकट करतो म्हटलं, म्हणून पाय वाचला. ही गोष्ट सगळेच सांगतात, कारण ती छान आहे. पुढची कमी लोक सांगतात, कारण ती हिशेबाच्या वहीची आहे. १९४४ला त्यांचा सीसीएफ पक्ष आमच्या सस्कॅचवान प्रांतात निवडून आला, उत्तर अमेरिकेतलं पहिलं समाजवादी सरकार म्हणून गाजला. तिजोरी रिकामी, डोक्यावर कर्जाचा डोंगर. पहिल्या दिवशी सगळं फुकट अशी घोषणा केली नाही. १९४६ला फक्त स्विफ्ट करंट या एका भागात, तिथल्या लोकांचं मत घेऊन, डॉक्टर आणि दवाखान्याची योजना चालवून पाहिली. १९४७ला प्रांतभर रुग्णालयाचा विमा, माणशी वर्षाला पाच डॉलर. मग बारा वर्षं थांबले. अर्थमंत्री क्लॅरन्स फाइन्स वर्षामागून वर्ष शिलकी अर्थसंकल्प मांडत राहिले. १९५८पासून केंद्र सरकार रुग्णालयांचा साधारण निम्मा खर्च उचलू लागलं, तेव्हा प्रांताच्या खिशात पैसे मोकळे झाले, आणि तेव्हाच डग्लस म्हणाले, आता डॉक्टरांची फीसुद्धा सरकार भरेल.

१ जुलै १९६२ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातले बहुतेक डॉक्टर संपावर गेले. तेवीस दिवस. ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले. सास्काटूनमध्ये लोकांनी पदरमोड करून सहकारी दवाखाना काढला, तो आजही चालू आहे. डग्लस तोवर राष्ट्रीय राजकारणात गेले होते, आणि संपाच्या दोन आठवडे आधी याच रेजायनात लोकसभेला सपाटून पडले. त्यांच्या जागी प्रांताचे मुख्यमंत्री झालेले वुड्रो लॉइड १९६४ला सत्ता गमावून बसले. ज्यांनी त्यांना हरवलं त्यांची मात्र योजना मोडायची हिंमत झाली नाही. १९६६ला लेस्टर पिअरसन यांच्या लिबरल सरकारने ती देशाची केली.

हे मला नवं वाटलं नाही, कारण मी तासगाव तालुक्यातली. आमच्याकडच्या विसापूरला १९६५मध्ये वि. स. पागे यांनी "मागेल त्याला काम" हा प्रयोग करून पाहिला. बाहत्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. तिच्या हाताचे घट्टे पुढे पावसाळ्यातही गेले नाहीत. दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे मोर्चे लाल निशाणवाल्यांनी, शेकापने, समाजवाद्यांनी, कम्युनिस्टांनी काढले. रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ला, पागे स्वतः काँग्रेसचे, आणि २००५ला दिल्लीने तो देशभर नेला. लाल झेंडे घेऊन चाललेल्यांची नावं आज तालुक्यात तरी कोण सांगतं?

म्हणून तुला पहिली विनंती ही की, श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होताना बघायची तयारी ठेव. ती नसेल तर या वाटेला लागू नकोस. चार वर्षांत कडवट होशील आणि फक्त आपल्याच माणसांशी भांडत बसशील. असे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरं, देव्हारा मांडू नकोस. याच डग्लस यांनी १९३३मध्ये विद्यापीठाच्या प्रबंधात बुद्धीने "दुबळ्या" ठरवलेल्या माणसांच्या नसबंदीची शिफारस केली होती. पुढे सत्तेत आल्यावर आपल्या खात्याला तसल्या मार्गाने जाऊ दिलं नाही, हे खरं. पण लिहिलं होतं. तुझ्या अभ्यासमंडळात त्यांची तसबीर लावलीत तर हेही शेजारी चिकटव. सहकाराचंही तेच. इथल्या गहू उत्पादकांनी १९२४ला उभा केलेला सहकारी संघ पुढे शेअर बाजारात गेला आणि शेतकऱ्यांच्या हातून निसटला. साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

१९५६ला पक्षाने जाहीरनाम्याची धार बोथट केली, याला तू गद्दारी म्हणतोस. मला तसं वाटत नाही. पण १९७२ला ऑन्टारियोत पक्षातल्या डाव्या तरुणांना, त्या वॉफल गटाला, बाहेरची वाट दाखवली ती मात्र घोडचूक होती. जे प्रश्न विचारतात त्यांना घालवलं की उरतात ते फक्त खुर्च्या लावणारे. (खुर्च्या लावणारेही लागतात, मीच वीस वर्षं लावल्या.)

आता तुझ्याबद्दल. तू विद्यार्थी व्हिसावर, मताचा हक्क नाही, रात्री गोदामात खोकी उचलतोस, आणि विचारतोस की मी काय करू शकतो. तुझी पगाराची चिठ्ठी काढ. युनियनची वर्गणी कापल्याचा रकाना दिसतो का बघ. १९४५ला विंडसरमध्ये फोर्डचे कामगार ९९ दिवस संपावर होते, गाड्या आडव्या लावून त्यांनी कारखान्याभोवतीचे रस्ते अडवले होते. त्यातून न्यायमूर्ती आयव्हन रँड यांचा १९४६चा निवाडा आला: युनियनने मालकाशी केलेल्या कराराचा फायदा सगळ्यांना, म्हणून सभासद असो वा नसो, वर्गणी सगळ्यांची कापायची, पण कराराच्या मुदतीत मधेच संप करायचा नाही. संप नाही म्हटल्यावर भांडण सगळं कागदावर येतं. तक्रार लेखी, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या कलमाखाली.

हे मी कशी शिकले ऐक. मी तेव्हा एका प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि युनियनची शॉप स्ट्यूअर्ड, म्हणजे कामाच्या जागेवरची प्रतिनिधी, नुकतीच झाले होते. एका फिलिपिनो सहकारिणीचे जादा कामाचे तास मालकाने मोजलेच नव्हते. मी जेवणाच्या खोलीत असं काही भाषण ठोकलं की बायकांनी टाळ्या वाजवल्या. तक्रारीचा अर्ज मात्र पर्समध्येच राहिला, आणि मुदत दोन दिवसांनी टळली. पैसे बुडाले. ती मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा माझ्यासाठी भाताचा डबा घेऊन आली, आणि मला तो घशाखाली उतरेना. तेव्हापासून कराराची प्रत माझ्या पर्समध्ये असते, मुदतीच्या पानाला पिन लावलेली. निवृत्त झाले तरी.

अभ्यासमंडळ सोडू नकोस, मार्क्स वाच, पण युनियनच्या मासिक सभेलाही जा. तिथे फारतर दहा माणसं असतील, अर्धी झोपेत. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवतील, ते ऐक. खजिनदाराची जागा रिकामी असेल तर हात वर कर. ती कुणालाच नको असते आणि सगळ्या गोष्टी तिथूनच कळतात. थंडीत कुणाच्या प्रचाराला दारोदार जायची वेळ आली तर दोन मोजे घाल, आणि दार उघडणाऱ्याला आधी बोलू दे.

तुझी चिठ्ठी सापडली की तुझ्या युनियनच्या शाखेचा नंबर मला लिहून पाठव, करार कसा वाचायचा ते फोनवर सांगेन. रकानाच नसेल तर तेही कळव. मग पत्र वेगळं लिहावं लागेल, आणि ते तू गोदामात कुणाला दाखवायचं नाहीस.

तुझी,
काकू