सहाव्या डावातला राग

पत्राचा सारांश: "ताई, मी न्यू जर्सीत राहतो आणि बेसबॉलच्या एकाच संघाचा जुना चाहता आहे. हंगाम नुकताच सुरू झाला आहे. आमचे मॅनेजर, म्हणजे सामन्यातले निर्णय घेणारे प्रशिक्षक, उत्तम चेंडू टाकणाऱ्या पिचरला (गोलंदाजाला) नऊपैकी सहाव्या डावातच काढून घेतात, रविवारी सर्वांत भरवशाच्या बॅटरला बसवून ठेवतात आणि हातातले सामने घालवतात. मला संताप आवरत नाही. मागच्या रविवारी माझा अकरा वर्षांचा मुलगा सामना अर्धवट टाकून उठला आणि आईला म्हणाला, 'बाबा ओरडतात, मला नाही बघायचं.' पत्नीचे म्हणणे, टीव्हीच बंद ठेवा. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

टीव्ही बंद ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. मीही हा खेळ पुष्कळ वर्षे मनापासून पाहत आले आहे आणि आपला राग निराधार आहे, असे मला वाटत नाही. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला थांबवून पुन्हा बोलावू शकतो; बेसबॉलमध्ये सामन्याबाहेर काढलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही, त्यामुळे मॅनेजरचा चुकलेला निर्णय चाहत्याला उरलेले सगळे डाव निमूटपणे पाहावा लागतो. "अजून एप्रिलच चालू आहे" ही समजूतही पुरती खरी नाही, कारण १६२ सामन्यांच्या हंगामात एप्रिलमधला पराभव सप्टेंबरमधल्या पराभवाइतकाच मोजला जातो. २०११ मध्ये अटलांटा ब्रेव्ज ८९ विजयांवर थांबले, सेंट लुईस कार्डिनल्स ९० विजयांसह पुढच्या फेरीत गेले आणि शेवटी जगज्जेते ठरले. त्या एका विजयाची रुखरुख अटलांटाच्या चाहत्यांना लागली असेल, तर त्यांना दोष कोण देईल?

मात्र आपल्या सगळ्या तक्रारी एकाच जातीच्या आहेत का, हे आपण एकदा पारखून पाहावे. २०१८ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात फिलाडेल्फिया फिलीजचे नवे मॅनेजर गेब कॅपलर यांनी ५-० अशी आघाडी असताना, अवघे ६८ चेंडू टाकलेल्या अ‍ॅरन नोलाला सहाव्या डावात काढून घेतले आणि संघ ८-५ असा हरला. दोनच दिवसांनी त्यांनी असा बदली पिचर बोलावला, ज्याने खांदा मोकळा करायला सुरुवातही केलेली नव्हती. घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्यात नाव पुकारले जाताच प्रेक्षकांनी कॅपलर यांची हुर्यो उडवली. यांपैकी दुसरी गोष्ट ही उघड चूक होती. तो सामना जिंकला असता, तरी ती चूकच ठरली असती. नोलाचा प्रश्न वेगळा आहे. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाणारे बॅटर त्याचे चेंडू अधिक चांगले ओळखतात, हे आकड्यांनी वारंवार दाखवले आहे, आणि मॅनेजर त्या आधारावर वागत होते. माझ्या मते त्या दिवशी त्यांनी घाई केली, कारण पाच धावांची आघाडी आणि संघाचा सर्वांत चांगला पिचर हाती असताना दोन-तीन बॅटरची जोखीम घ्यायला हरकत नव्हती. पण हे माझे मत झाले, आणि शहाण्या माणसाला त्याच क्षणी उलट वाटू शकते. नोलाने त्या वर्षी पुढे २१२ डाव टाकले. संघ मात्र ऑगस्टच्या सुरुवातीला आघाडीवर असूनही ८० विजय आणि ८२ पराभवांवर घसरला. यातून निर्णयाच्या बाजूचा किंवा विरोधातला पुरावा आपण कसा काढणार?

लॉस एंजेलिस डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांचे उदाहरण तर याहून बोचरे आहे. १३ एप्रिल २०२२ रोजी मिनियापोलिसच्या थंडीत क्लेटन कर्शॉने सात डावांत एकवीसच्या एकवीस बॅटर बाद केले होते, त्यांतले तेरा स्ट्राइकआउट करून, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद करून. एकही बॅटर पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या पहिल्या टप्प्यावरही, पोहोचू न देता संपलेले सामने बेसबॉलच्या इतिहासात तोपर्यंत केवळ २३ होते. कर्शॉ ऐंशी चेंडूंवर असताना रॉबर्ट्स यांनी त्याला थांबवले आणि हजारो चाहते हळहळले. परंतु तो चौतिशीचा पिचर आदला हंगाम हाताच्या दुखापतीत संपवून आला होता आणि मालक-खेळाडूंच्या वादामुळे त्या वसंतातला सराव आखूड झाला होता. स्वतः कर्शॉने हा निर्णय योग्य असल्याचे सांगितले. टीव्हीसमोर बसलेल्या आपल्याला त्या हाताची अवस्था दिसत नाही, आणि मॅनेजरला नेमकी तिचीच काळजी करायची असते. आपल्या संघात रविवारी बसवलेल्या बॅटरचेही बहुधा असेच असेल.

म्हणून माझी सूचना अशी की, निर्णयाचा निवाडा निकाल लागण्याआधी करावा. पाचवा डाव संपला की मुलाला विचारा, "तू मॅनेजर असतास तर याला ठेवला असतास की काढला असतास?" किती चेंडू झाले, पुढचे तीन बॅटर कोण, मागचे दोन दिवस कोणकोण चेंडू टाकून दमले आहेत, हे त्याला बघू द्या. त्याचे आणि आपले उत्तर कारणासह एका वहीत लिहा आणि मग मॅनेजर काय करतात ते पाहा. महिनाभराने वही चाळताना काही ठिकाणी मॅनेजर खरोखर चुकलेले दिसतील, काही ठिकाणी आपण.

मॅनेजरना काढून टाकावे, असेही आपण पत्रात पुढे लिहिले आहे. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स पहिल्या पन्नास सामन्यांत १९ जिंकून ३१ हरले होते, तेव्हा डेव्ह मार्टिनेझ यांच्याविषयी हीच मागणी होत होती. त्याच वर्षी तो संघ जगज्जेता झाला. सर्वांच्याच नशिबी असे येत नाही, तरी तीन आठवड्यांत हा निकाल देणे मला पटत नाही.

मुलाशी मात्र आजच बोला. आपला आवाज चढला हे चुकले, एवढेच त्याला सांगा. मॅनेजरच्या चुकीचा उल्लेख त्या वाक्यात नको. तो लगेच शेजारी येऊन बसला नाही, तर आग्रह करू नका, पाचव्या डावानंतरचा प्रश्न विचारायला त्याच्या खोलीच्या दाराशी आपण जा. आणि पिचर पुन्हा खांदा मोकळा न करताच मैदानात आला, तर खुशाल रागवा, फक्त का रागावलात हे त्याला समजेल अशा आवाजात सांगा.