टेस्टिंगच्या शंका: सगळ्या केसेस पास, मग बग आला कुठून?

प्रश्न: मी आठ महिने सॉफ्टवेअरचं मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे हाताने वापरून तपासणी, करतोय. एका फॉर्ममध्ये वयाची अट १८ ते ६० होती, दोन्ही धरून. मी नुसत्या वयाच्या ११ केसेस (काय टाकायचं आणि काय व्हायला हवं याच्या नोंदी) लिहिल्या: १०, २०, २५, ३०, ३५, ४०, ४५, ५०, ५५, ६५ आणि ७०. सगळ्या पास झाल्या आणि रिलीजनंतर दुसऱ्याच दिवशी तक्रार आली की बरोबर १८ वर्षांच्या माणसाला फॉर्म नाकारतोय. एवढ्या केसेस लिहून माझं चुकलं कुठे?

उत्तर: तुम्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. २० पासून ५५ पर्यंतच्या तुमच्या आठ केसेस खरं तर एकच केस आहे, आठ वेळा चालवलेली. प्रोग्रॅमच्या दृष्टीने २५ आणि ४० मध्ये काही फरकच नाही, दोन्ही 'चालेल' या एकाच गटात जातात. आता डेव्हलपरने '१८ किंवा जास्त' ऐवजी चुकून '१८ पेक्षा जास्त' लिहिलं असेल, आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते, तर तुमच्या अकराही केसेस तरीही पासच होणार. ती चूक पकडायला १८ च टाकून बघावं लागतं. म्हणून १७, १८, ६० आणि ६१ या चार केसेस, जोडीला मधला एखादा आकडा, आणि मग रिकामं फील्ड, शून्य, उणे आकडा, साडेअठरा, अक्षरं, आकड्याच्या मागेपुढे स्पेस, देवनागरी आकडे. बग कुंपणापाशी सापडतात, मैदानाच्या मधे नाही.

आणि फॉर्म वय न विचारता जन्मतारीख विचारत असेल तर खरी मजा तिथे आहे. आज १८ पूर्ण झालेला, उद्या होणारा, काल झालेला, या तीन तारखा तर हव्यातच, पण २९ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेला माणूस १८ चा कधी होतो? २०२६ मध्ये २९ फेब्रुवारीच नाही, मग २८ ला की १ मार्चला? याचं उत्तर तुम्ही मनाने ठरवायचं नाही, ज्यांनी अट लिहिली त्यांना विचारायचं. माझा अनुभव असा की केसेस लिहिताना पडलेल्या अशा प्रश्नांनी जेवढे बग वाचतात तेवढे नंतर केसेस चालवूनही सापडत नाहीत. तारखांना हलकं घेऊ नका, मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीवाले झून म्युझिक प्लेअर ३१ डिसेंबर २००८ ला एकदम बंद पडले होते, कारण लीप वर्षाचा ३६६ वा दिवस आला की आतला कोड एका लूपमध्ये अडकून बसायचा. त्या एका तारखेची केस कुणी चालवली असती तर!

प्रश्न: लीड म्हणतात माझ्या केसेस दुसऱ्या कुणाला चालवता येत नाहीत. मला तर सोप्या वाटतात, उदा. 'चुकीचा पासवर्ड टाका, योग्य मेसेज यायला हवा.'

उत्तर: लीडचं बरोबर आहे. 'योग्य' म्हणजे काय हे तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. तुम्ही रजेवर असताना दुसरं कुणी ती केस चालवेल, काहीतरी मेसेज दिसेल आणि पास लिहून मोकळं होईल. मेसेजचे नेमके शब्द लिहा, युझर लॉगिन पेजवरच राहायला हवा हे लिहा, कुठल्या युझरने करायचं तेही लिहा. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर अकाउंट लॉक होत असेल तर चार वेळा चुकीचा, मग एकदा बरोबर, मग लॉगआउट करून परत चार वेळा चुकीचा, असंही करून बघा, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली का ते कळेल.

अजून एक, केस क्र. १२ ला केस क्र. ११ मध्ये बनवलेला युझर लागत असेल तर ११ फेल झाली की पुढचं सगळं अडकतं. मी सुरुवातीला अशी ४० केसेसची माळ ओवली होती, दुसरीच केस फेल झाली आणि अख्खा दिवस गेला. प्रत्येक केसने आपला डेटा आपणच तयार करावा.

प्रश्न: रिग्रेशनच्या, म्हणजे नव्या बदलामुळे जुनं काही मोडलं नाही ना हे बघायच्या, ९०० केसेस आणि हातात दोन दिवस. एक मॉड्यूल जुन्या प्रॉडक्टमधून जसंच्या तसं उचललंय, तिथे चालतंय, मग त्याच्या केसेस गाळल्या तर चालेल का?

उत्तर: नाही, तेवढ्या गाळू नका. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, मिनिटभराच्या आत नष्ट झालं ते अशाच उचललेल्या कोडमुळे. दिशा आणि वेग सांगणारं सॉफ्टवेअर एरियान ४ मधलं होतं आणि तिथे ते नीट चालायचं, पण नव्या रॉकेटचा आडवा वेग खूप लवकर वाढत होता, त्याच्याशी जोडलेला आकडा १६ बिटांत, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७ मावेल एवढ्या जागेत, कोंबताना त्याच्या पुढे गेला आणि यंत्रणा बंद पडली. नव्या रॉकेटच्या मार्गाचा डेटा देऊन ती यंत्रणा आधी तपासलीच नव्हती. कोड तोच असला तरी त्याला मिळणारा डेटा बदललाय का, हे आधी बघा.

वेळ वाचवायचा तर आधी अर्ध्या तासाची स्मोक टेस्ट करा, म्हणजे मुख्य गोष्टी चालतात का तेवढंच बघा, बिल्डच (तपासायला आलेली आवृत्तीच) मोडका असेल तर परत पाठवा. मग ज्या भागात कोड बदललाय तो, त्याला चिकटलेले भाग, आणि जिथे पैसे किंवा युझरचा डेटा जाऊ शकतो ते भाग घ्या. वर्षभरात एकदाही फेल न झालेल्या, कमी जोखमीच्या केसेस शेवटी. ज्या राहतील त्यांच्यापुढे 'नॉट रन' लिहा, ज्या अडकल्या त्यांच्यापुढे 'ब्लॉक्ड', आणि बिल्ड नंबरसकट तो आकडा रिलीजचा निर्णय घेणाऱ्यांना मेल करा, पास मात्र लिहू नका.